उकव्याच्या सिनेमातली म्हातारी

बालाघाट
९ मार्च २०२५

नंदकिशोर,

आई गेल्याचा मेसेज तू वाचलास हे मला फोनवर दिसलं. उत्तर आलं नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. अशा पत्रावर श्री लिहीत नाहीत, म्हणून वरची जागा कोरी ठेवली आहे.

काल तेरवी झाली. घरच्याच माणसांत केली. माझी श्रिया जबलपूरहून आली आहे, अजून थोडे दिवस राहील. तिचे बाबा गेले तेव्हा ती शाळेत होती, आता नोकरी करते. तू तिला पाहिलेलं नाहीस.

आईला फार त्रास झाला नाही. हृदय कमजोर झालं होतं, पाय सुजायचे. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण अगदीच दिसत नव्हतं असं नाही. दिवाळीपासून अंथरुणातच होती.

एक गोष्ट तुला कळवायची आहे. हे पत्र खरं तर तेवढ्यासाठीच आहे.

खेमराज आठवतो ना? उकव्याच्या शाळेत तुझ्या बाकावर बसायचा. आता विम्याचं काम करतो, बालाघाटातच घर आहे. दिवाळीनंतर तो आईला बघायला आला. दारात उभा राहिला, मागून ऊन येत होतं. आई एकदम उठून बसली. कित्येक दिवसांत ती आपली आपण उठून बसली नव्हती. म्हणाली, "नंदू! आला रे माहा नंदू!"

खेमराजने माझ्याकडे पाहिलं. तोच मग पुढे झाला, तिचे पाय धरले आणि म्हणाला, "हौ आई, आलो."

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "उमाताई, माफ कर मले. तोंडातून निघून गेलं." मी म्हटलं, बरं केलंस.

तेव्हापासून तो रोज दुपारी यायचा. मला म्हणायचा, "फाटकापर्यंत खेमराज, फाटकाच्या आत नंदू. बायको म्हणते तिकडंच राहून जा, निदान दुपारचा स्वयंपाक त वाचते." आई त्याचा हात हातात धरून बसायची. उकव्याच्या गोष्टी सांगायची. एकदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "जे झालं ते झालं." माझ्यासमोर म्हणाली. तुला माफ केलं असंच मी समजते.

बाबांनी खाणीतली नोकरी मुदतीआधी सोडली ती त्यांच्या जागी तुला घ्यावं म्हणून, आणि तू काही महिन्यांतच कोणाला न सांगता निघून गेलास. बाबा जाईपर्यंत तेच काढत होते. आईने ते कधी तोंडातून काढलं नाही, आणि शेवटी तर तिला तू भेटलासच.

अग्नी खेमराजने दिला. डोक्यावरचे केसही त्यानेच उतरवले. मोक्षधामात कोणीतरी विचारलं, मुलगा कुठे आहे? तो म्हणाला, "मीच."

आपल्या उकव्याच्या सिनेमातली म्हातारी आठवते? विश्वकर्मा पूजेला खाणीच्या वर्कशॉपच्या भिंतीवर दाखवायचे तो. तसंच झालं बघ. परक्यालाच आपला मुलगा समजली, शेवटपर्यंत कळलं नाही, आणि सुखाने गेली. म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

अस्थी मोक्षधामातल्या खोलीत खुंटीला बांधून ठेवल्या आहेत. तू येणार असशील तर वैनगंगेत तू शिरव. येणार नसशील तर तसं कळव.

उमा


बालाघाट
२५ मार्च २०२५

नंदकिशोर,

तुझं जामनगरहून पाठवलेलं कार्ड मिळालं. आई समाधानाने गेली हे वाचून बरं वाटलं, आता तिथं माझं काही उरलं नाही, अस्थींसाठी थांबू नये, असं तू लिहिलंस. ठीक आहे.

मी कार्ड खेमराजला दाखवलं. त्याने वाचून उलटं करून पाहिलं, मागे आणखी काही आहे का म्हणून. मग म्हणाला, "जामनगरात शाई महाग आहे वाटते."

पाडवा झाला की आम्ही दोघं जाऊन शिरवून येऊ. तुझ्यावर माझा राग नाही. तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणूनच मी लिहिलं होतं, आणि ते उतरलं.

तब्येतीला जप.

उमा


बालाघाट
२ एप्रिल २०२५

नंदू,

अक्षर बिघडलं आहे, समजून घे.

परवा दुपारी श्रिया म्हणाली, "मम्मी, तू सांगत होती ना ती मूवी, मुर्गीवाली, ती मिळून गेली. पूरी आहे." माझं मन रमावं म्हणून ती शोधत होती. तिने फोनवरून टीव्हीला लावून दिली आणि माझ्या शेजारी बसली. मी म्हटलं, आईला जाऊन सव्वा महिनाच झाला, घरात सिनेमा कसा लावायचा? ती म्हणाली, "नानीची मूवी आहे ना. नानी काही बोलणार नाही."

तुलाही तो सिनेमा पाठ असेल. नागपूरहून मशीन घेऊन येणाऱ्या माणसाकडे दोनच सिनेमे असायचे, एक देवाचा आणि एक हा, आणि विश्वकर्मा पूजेला सगळी कॉलनी हाच मागायची. तरी मी तुला तो सांगणार आहे, कारण मला आठवत होता तसा तो नाही.

म्हातारी भट्टीवर मुरमुरे भाजते आणि बाजारात विकते. तिचा एकुलता मुलगा फार वर्षांपूर्वी नाटक कंपनीबरोबर निघून गेलेला. जेलमधून पळालेला एक चोर त्या गावात येतो, चहावाल्याकडून तिची हकीकत ऐकतो आणि संध्याकाळी तिच्या दारात जाऊन 'अम्मा' म्हणतो. ती मुलाच्या नावाने ओरडते आणि हातातली चाळणी घेऊन तशीच धावते. मुरमुरे सगळ्या अंगणात सांडतात. मग कोंबड्या येतात.

त्या कोंबड्या आठवतात ना? आपण सगळी पोरं त्याचीच वाट बघायचो. एक कोंबडी चोराच्या बुटावर चढून मुरमुरा उचलते, की वर्कशॉपमध्ये शिट्ट्या सुरू. तू तर उभा राहून ओरडायचास. बाबा तुझी चड्डी ओढून तुला खाली बसवायचे.

परवा कोंबड्या आल्या आणि श्रिया हसली. "मम्मी, देख ना, जूते पर!" मला दिसलं नाही. मी म्हातारीकडे बघत होते.

ती कोंबड्यांच्या मागे उभी आहे, नंदू. चोराला मिठी मारून. तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर आहे, म्हणून त्याला तिचा चेहरा दिसत नाही. आपल्याला दिसतो. एवढ्या वर्षांत आपण कोणी तो पाहिलाच नाही. आधी ती हसते आहे. मग तिचा हात त्याच्या पाठीवरून खाली येतो आणि थांबतो. हसू जातं. ती डोळे मिटत नाही, रडत नाही, काही नाही. नुसती रस्त्याकडे बघते, जिथून तो आला त्या रस्त्याकडे. आणि मग हात पुन्हा त्याच्या पाठीवरून फिरायला लागतो.

तिला कळलं होतं. तिथेच, त्या अंगणात.

मी श्रियाला म्हटलं, मागे घे. तिने घेतलं. पुन्हा पाहिलं. मी म्हटलं, पुन्हा. ती म्हणाली, "मम्मी, तबियत ठीक आहे ना?"

पुढचा सिनेमा मी त्याच नजरेने पाहिला. मुलगा इतक्या वर्षांनी घरी आला आहे आणि ती त्याला एक प्रश्न विचारत नाही. कुठे होतास नाही, काय खाल्लंस नाही, लग्न केलंस का नाही. त्याला जेवायला वाढते, त्याचा सदरा शिवते, त्याला गावातल्या गोष्टी सांगते. विचारत काहीच नाही. विचारलं तर त्याला खोटं बोलावं लागेल म्हणून. लहानपणी मला यात काही वेगळं वाटलं नव्हतं. आई म्हणजे वाढणारी, असंच आपल्याला वाटायचं. आता मी साठीची आहे आणि माझी मुलगी दोन महिन्यांनी जरी घरी आली तरी मी तिला पिशवी खाली ठेवू देत नाही, इतकं विचारते.

शेवटी म्हातारी मरते, चोर स्वतःहून पोलिसांकडे जातो. वर्कशॉपमधल्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून म्हणायच्या, "बिचारीले कळलंच नाई." आई त्यांच्यात कधी बोलायची नाही. एकदा परत येताना तू तिला विचारलं होतंस, तुले कळलं असतं का? ती म्हणाली होती, "माह्या पोराले मी वळखणार नाई का? अंधारात, पावलाच्या आवाजावरून वळखीन."

सिनेमा संपला तेव्हा श्रिया चहा करायला उठली. मी बसूनच राहिले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि मी ती थांबवू शकत नव्हते.

आईने खेमराजला एकही प्रश्न विचारला नाही.

आपली आई, नंदू. सिलिंडर घेऊन येणाऱ्याला ती बायकोचं माहेर विचारायची. इंजेक्शन द्यायला नर्स यायची, तिची सासू कशी आहे, नणदेचं जमलं का, सगळं आईला माहीत. ट्रेझरीतली माझ्याबरोबरची माणसं घरी यायची तर आधी आईच्या तावडीत सापडायची. माझे साहेब एकदा मला म्हणाले होते, "आपकी माताजी तो सीबीआई हैं." आणि तिचा मुलगा घरी आला, रोज येऊन जवळ बसला, आणि तिने विचारलं नाही की बाबा, इतकी वर्षं होतास कुठे? सून कशी आहे विचारलं नाही. नातवंडं किती हे विचारलं नाही. संध्याकाळी तो उठून निघाला तर कुठे चाललास हेही विचारलं नाही. घर तर हेच होतं ना त्याचं? रोज संध्याकाळी तिचा मुलगा कुठे जात होता?

मी समोर बसलेली असायची. मला हे एकदाही खटकलं नाही. मी कोंबड्या बघत होते.

पहिल्या क्षणी ती फसली असेल. दारात ऊन होतं, खेमराजची उंची तुझ्याएवढीच आहे. ती "नंदू" म्हणून ओरडली तो आवाज खरा होता, त्याची मी शपथ घेईन. पण त्याने पाय धरले, तिने त्याला जवळ घेतलं, आणि त्यानंतर काय झालं ते मला माहीत नाही. मी तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. मी खेमराजकडे बघत होते, की हा आता काय बोलतो.

ती समाधानाने गेली असं मी तुला लिहिलं होतं. तू त्याच्यावर विश्वास ठेवलास. आज मला ते लिहिता येत नाही. काय लिहावं हेही कळत नाही.

खेमराजला बोलावलं आहे.

उमा


बालाघाट
६ एप्रिल २०२५

नंदू,

हे पत्र बसून वाच. जवळ कोणी असेल तर त्याला जवळ बसव.

खेमराज काल आला. डोक्यावर आता थोडे केस आले आहेत. नेहमीसारखा बोलत आत आला, की मोक्षधामातला माणूस रोज विचारून राह्यला, भैया, अम्मा को कब ले जाओगे, आमची जागा भरून राह्यली. श्रियाने त्याला चहा दिला. मी घुमवून फिरवून बोलू शकत नाही, तुला माहीत आहे. मी सरळ विचारलं.

"खेमराज, तू नंदू नाहीस हे आईला माहीत होतं का?"

त्याने कप खाली ठेवला. "कोनं सांगतलं तुले?"

नंदू, तो 'काहीतरीच काय' म्हणेल असं मला वाटलं होतं. निदान हसेल. त्याने विचारलं, कोणी सांगितलं.

मी म्हटलं, "कोणी नाही. सिनेमा पाहिला."

"कोनता?"

"आपला. उकव्याचा."

त्याने कप दूर सरकवला. मग म्हणाला, "हौ. माहीत होतं."

पुढे जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते, माझे शब्द घालत नाही.

"तू औषध आणाले गेलतीस. नवीन वर्षाच्या आसपास असन. मी आलो, आई म्हणून बसलो जवळ. त त्या म्हणे, 'खेमराज, चहा घेतला का?' मी म्हटलं, आई, मी नंदू आहो. त म्हणे, 'हौ रे, उमी आली म्हंजे तू नंदू. आता ते घरात नाई ना.'"

श्रिया दारात उभी होती. तिने तोंडावर हात धरला. मला रडू आलं नाही. मला काहीच आलं नाही. मी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत होते आणि ती बाई मला ओळखीची वाटत नव्हती.

खेमराज सांगत होता. "मी म्हटलं, आई, मंग सांगून टाकू का उमाताईले? मलेबी हे नाटक झेपून नाई राह्यलं. त म्हणे, 'नको. तिले वाटते का मले नंदू भेटला. वाटू दे. लई दिवसानं पोरगी हासून राह्यली.' मले शपथ घातली, उमाताई. तुह्याच डोक्याची घातली."

मी हसत होते, नंदू. खरंच हसत होते. दुपारी खेमराज यायचा वेळ झाला की मी आईचे केस विंचरून द्यायची, तिला धुतलेलं लुगडं नेसवायची. आई सुखात आहे म्हणून मी सुखात. आणि ती तिथे पडून माझ्यासाठी हे करत होती. सुजलेल्या पायांनी. रोज.

मी खेमराजवर ओरडले. असं मी आयुष्यात कोणावर ओरडले नाही. "काहून नाही सांगितलंस मला? ती गेल्यावर तरी काहून नाही सांगितलंस?" तो खाली मान घालून बसला. म्हणाला, "तेरवीले तू सगळ्याइले सांगत होतीस का आई नंदूले भेटून गेली. कोन्या तोंडानं सांगू?"

मग म्हणाला, "अन् एक आहे. ते तुह्यासाठी नाई. नंदूसाठी आहे."

मी म्हटलं, सांग.

"तू त्याचा नंबर मले कधी देल्ला नाई. मागाले गेलो असतो त तू विचारलं असतं, काहून पाह्यजे. म्हणून माह्यापाशीच राह्यलं."

"सांग रे."

"त्याच दिवशी सांगतलं त्याइनं. माहा हात धरून. म्हणे, 'नंदू कधी भेटला त सांगजो. खाणीत उतराले त्याले भेव वाटे. झोपीत ओरडे तो, अंगावर माती पडून राह्यली म्हणे. मले ठाऊक होतं. त्याच्या बापानं नोकरी सोडाच्या आधी मले विचारलं होतं, पोट्ट्याची तयारी आहे ना? तू माय आहेस, तुले माहीत असन. मी हौ म्हटलं. घरात पगार पाह्यजे होता, उमीचं लग्न होतं समोर. मी हौ म्हटलं. सांगजो त्याले, तो पळाला नाई. मी ढकललं त्याले खाली, अन् तो निघून वर आला. सांगजो, बरं केलं म्हणावं.'"

एवढंच.

मी हे दोनदा त्याच्याकडून म्हणवून घेतलं. दुसऱ्या वेळेला तो रडला, पण शब्द बदलले नाहीत.

नंदू, बाबांनी आईला विचारलं होतं. मला हे माहीत नव्हतं. बाबा जाईपर्यंत अंगणात खुर्ची टाकून बसायचे, खाणीचा भोंगा झाला की म्हणायचे, धडधाकट माणूस घरी बसवला त्या नालायकाने. आई आतून सगळं ऐकायची. एकदाही बाहेर येऊन म्हणाली नाही की मी हौ म्हटलं होतं. मला वाटायचं ती तुझ्यावर माया करते म्हणून गप्प आहे. आम्ही एकाच घरात राहत होतो, एकाच ताटातलं खात होतो. मला वाटायचं आईला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही.

तू झोपेत ओरडायचास हे मलाही माहीत होतं. आपण एकाच खोलीत झोपायचो. सकाळी मी तुला चिडवायची. भीती हा शब्द आमच्या कोणाच्या डोक्यात आला नाही, किंवा एकीच्या आला आणि तिने तो आत ठेवून दिला.

हे लिहून मी तुझं समाधान काढून घेते आहे, हे मला कळतं. आई तुला भेटून गेली असं समजून तू बरा होतास. ती तुला भेटली नाही. ती तुझी वाट बघत गेली, आणि वाट बघते हे कोणाला कळू दिलं नाही. पण तिने तुझ्यासाठी निरोप ठेवला होता, आणि तो माझ्या घरात अडकून पडला होता. तो तुझा आहे. मला ठेवता येत नाही.

श्रिया आज जबलपूरला गेली. जाताना म्हणाली, "मम्मी, मामाले लिहून टाक सगळं. आणि प्लीज, मला काही लपवायचं असेल ना कधी, तर तू समझ जाना." मी म्हटलं, समजलं तर विचारीन. गप्प बसणार नाही.

अस्थी अजून खुंटीलाच आहेत. पाडव्याचं ठरलं होतं, पण मोक्षधामाच्या फाटकापर्यंत जाऊन खेमराज परत आला होता, काही न सांगता. का आला ते आता कळतं.

ये असं मी म्हणत नाही. नको येऊ असंही म्हणत नाही.

तुझी
उमा


बालाघाट
१९ एप्रिल २०२५

नंदू,

काल तुझा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी बोलत होते. नाव दिसलं आणि हातातली पिशवी सुटली. भाजीवाला म्हणाला, "दीदी, किसका फोन है?" मी म्हटलं, भाई का. तो म्हणाला, "आपका भाई भी है?" माझ्या दारावर तो वर्षानुवर्षं येतो.

तू "ताई" म्हणालास. तुझ्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग तू विचारलंस, "आई हौ म्हणाली होती?" मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? मला वाटलं फोन कट झाला. मग तू म्हणालास, "येतो."

आज शांतपणे सगळं लिहून पाठवते आहे, कारण फोनवर मला काही सुचलं नाही. तुझी गाडी गोंदियापर्यंत येईल. तिथून बालाघाटची गाडी मिळते, न मिळाली तर बस आहे. बालाघाटला उतरलास की बाहेरच थांब, खेमराज घ्यायला येईल. तो ओळखू येणार नाही, पोट सुटलं आहे. तू येणार हे कळल्यावर म्हणाला, "चला, आता मले माहं नाव वापस भेटन." तुझ्यावर तो चिडलेला आहे. त्याला चिडू दे, पण चहाचे पैसे त्याला देऊ देऊ नकोस. मोक्षधामात त्याने सांगून ठेवलं आहे की अम्माचा मुलगा येतो आहे. तो माणूस म्हणाला, "तो फिर आप कौन हैं?"

शिरवायला सकाळी जाऊ. तुला उकव्याला जायचं असेल तर बैहरची बस उकव्यावरूनच जाते. नसेल जायचं तर नको. खाणीचं नाव या घरात मी काढणार नाही, तू काढलंस तर ऐकीन.

आणखी एक सांगून ठेवते. तू दमून येशील, आल्यावर मी तुला वाढीन आणि गप्प बसेन असं समजू नकोस. मला ते जमणार नाही आणि मला ते करायचंही नाही. इथून निघालास तेव्हा पहिल्यांदा कुठे उतरलास, कोणी जेवू घातलं, काम कोणी दिलं, बाबा गेल्याचं तुला कसं कळलं, तेव्हा तू काय केलंस, झोपेत अजून ओरडतोस का, आणि ओरडलास तर उठवतं कोण. एकेक विचारणार आहे. राग आला तरी विचारणार आहे. तू उठून अंगणात गेलास तर मागे येऊन विचारणार आहे.

पहिला प्रश्न आत्ताच विचारते. काल फोनवर विचारायला हवा होता.

तुझ्या घरी कोण कोण आहे?

तुझी
ताई